जड गिअरने पाय तयार होत नाहीत

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाटात नवा सायकलस्वार लांबूनच ओळखू येतो. खांदे झुलताहेत, गुडघे कुरकुरताहेत, आणि चेन मात्र मागच्या सर्वांत लहान चक्रावर. चढासाठी दिलेली मोठी चक्रं कोरीच. ‘जड गिअर मार, पाय तयार होतात,’ असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. हाच सल्ला इमामपूर घाटात मिळतो आणि संगमनेरच्या चंदनापुरी घाटातही. नव्या माणसाचे गुडघे बिघडवणारा हा सल्ला आता बंद व्हायला हवा.

हिशेब सोपा आहे. 150 वॅट शक्तीने चढताना, 170 मिलिमीटरच्या क्रँकवर मिनिटाला 60 फेरे मारले तर पेडलवर सरासरी 14 किलोंचा दाब द्यावा लागतो. 90 फेरे मारले तर साडेनऊ किलो पुरतात. सायकलचा वेग तोच! वाढीव दाब सोसतो तो गुडघा.

शंका असेल त्यांनी अल्क्विस्ट आणि सहकाऱ्यांचा 1992 चा प्रयोग पाहावा. शरीराची एकूण मेहनत सारखीच ठेवून स्वारांनी मिनिटाला 50 आणि 100 फेरे मारले. 50 फेऱ्यांवर मांडीतल्या लवकर थकणाऱ्या तंतूंमधलं ग्लायकोजेन जास्त संपलं. संथ पेडल मारताना दम कमी लागतो हे खरं, पण पाय आधी संपतात. विख्यात सायकलपटू एडी मर्क्सने 1972 मध्ये मेक्सिको सिटीत तासाभरात 49.431 किलोमीटर कापले, ते मिनिटाला शंभरहून अधिक फेरे मारून. त्याला कच्चा कोण म्हणेल?

मुरलेले स्वार जड गिअरवर मोजका सराव मुद्दाम करतात. पहिल्या काही महिन्यांत त्याची गरज नाही. सपाटीवर 80 ते 90 फेरे आणि घाटात सत्तरच्या आसपास, एवढं जमवावं.

बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकायलाच हवेत, हाही गैरसमज. पेडल खाली असताना गुडघा 25 ते 35 अंश वाकेल, इतकी सीट उंच हवी.

चालवताना पाणी प्यायल्याने पेटके येत नाहीत. एप्रिलच्या उन्हात तहान मारणं मात्र धोक्याचं. लांब पल्ल्याला पाण्यात मीठ-साखरही हवी.

टायर दगडासारखा टणक केला म्हणजे वेग वाढतो असं नाही, खडबडीत रस्त्यावर तो नुसता उडतो.

आणि ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पूर्ण करायची सायकलफेरी, ही शर्यत नव्हे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा-जेवणाचे थांबे धरून ताशी जेमतेम 15 किलोमीटर. तिथे क्रमांक काढत नाहीत.