घासलेले तांबे किती वेळ उघडे राहते?

नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याचे हंडे आणि कळशा लखलखताना दिसतात. घरी आणल्यावर मात्र थोड्याच दिवसांत त्या काळवंडतात आणि मग चिंच-मीठ आलेच. चिंचेतील आम्ल ऑक्साइडचा थर विरघळवते आणि खालचे तांबे उघडे पडते, असे आपण वर्गात सांगतो. ते बरोबरच आहे. पण हे तांबे उघडे राहते तरी किती वेळ?

थोडा हिशेब करू. धातूच्या एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागावर सुमारे एकावर पंधरा शून्ये इतके अणू असतात. नेहमीच्या हवेत तेवढ्याच जागेवर दर सेकंदाला जवळजवळ तीनावर तेवीस शून्ये इतके रेणू आदळतात. आदळलेला प्रत्येक रेणू चिकटला, तर सगळा पृष्ठभाग एका सेकंदाच्या तीन अब्जांश भागात भरून जाईल! म्हणजे हातातले चकचकीत भांडेही खऱ्या अर्थाने उघडे कधी नसतेच.

अर्थात, सगळेच रेणू चिकटत नाहीत. नायट्रोजनला तांब्याचे फारसे आकर्षण नाही. तो आला तसा परततो. थंड पृष्ठभागावर तो दुबळ्या बलांनी धरला जातो, पण जरा ऊब मिळाली की सुटतो. हे भौतिक पृष्ठशोषण. ऑक्सिजनचे तसे नाही. तो धातूकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, त्याच्या रेणूचे दोन अणू वेगळे होतात आणि धातूशी बंध जोडून बसतात. हे रासायनिक पृष्ठशोषण. स्पंज पाणी पितो तसा वायू धातूच्या आत शिरतो, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. इथे मात्र सारे काही वरच्या एका थरात घडते.

हे अणू बसतात कसे? परीक्षेत आपण मुलांना एक बाक सोडून बसवतो, काहीसे तसेच. प्लॅटिनमच्या दाट रचनेच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे अणू तीन धातू-अणूंमधल्या खळग्यात बसतात. पण शेजारी एकमेकांना दूर लोटत असल्याने चार प्लॅटिनम अणूंमागे एकच ऑक्सिजन अशी नक्षी तयार होते. कार्बन मोनॉक्साइडचा रेणू न तुटता कार्बनची बाजू खाली ठेवून उभा राहतो. तांब्याच्या एका विशिष्ट पृष्ठभागावर तर यजमानच जागा सोडतो! तांब्याचे अणू सरकून ऑक्सिजनसोबत लांबच लांब साखळ्या बनवतात.

अशी नक्षी वाचण्याच्या युक्तीमागे एक अपघात आहे. १९२५ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिसन आणि जर्मर निकेलवर इलेक्ट्रॉन सोडत असताना द्रवरूप हवेची बाटली फुटली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढले. ते काढण्यासाठी निकेल खूप तापवले, तेव्हा त्यात मोठे स्फटिक तयार झाले आणि इलेक्ट्रॉन ठरावीक कोनांतच परतू लागले. या प्रयोगांतूनच १९२७ मध्ये इलेक्ट्रॉनच्या तरंगरूपाचा पुरावा मिळाला. आम्ही आज हेच तंत्र वापरतो, पण हवेच्या दाबाच्या सुमारे दहा लाख कोटीव्या भागाइतक्या दाबात. तेथेही स्वच्छ पृष्ठभाग काही तासच टिकतो, त्यामुळे प्रयोग आटपायची घाई असते.

एवढा खटाटोप कशासाठी? नाशिकच्या द्राक्षबागांना लागणाऱ्या युरियाचेच पाहा. त्यासाठीचा अमोनिया अलिबागजवळ थळला तयार होतो. नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध फार बळकट असतो. लोखंडाच्या पृष्ठभागावर तो तुटतो, आणि सुटे झालेले अणू हायड्रोजनच्या अणूंना एकेक करून भेटतात. हा क्रम उलगडणाऱ्या गेऱ्हार्ड एर्टल यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लोखंड तेच, पण अणूंची मांडणी विरळ असलेला स्फटिकाचा पैलू दाट मांडणीच्या पैलूपेक्षा सुमारे चारशे पट वेगाने अमोनिया बनवतो.

सराफ बाजारातली चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. तोच गंधक लोखंडावर बसला, तर नायट्रोजनला जागाच उरत नाही आणि उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून अमोनियासाठी हायड्रोजन ज्या नैसर्गिक वायूपासून मिळवतात, तो आधी झिंक ऑक्साइडवरून नेऊन त्यातला गंधक काढून घेतात.