दुसऱ्या देशात गाजलेली मालिका पुन्हा का बनवतात?

आजचा आपला प्रश्न ऐकायला साधा आहे. एका देशात एखादी मालिका तुफान चालते, आणि दोन-चार वर्षांत तीच गोष्ट नवी माणसं आणि नवी भाषा घेऊन दुसऱ्या देशात उभी राहते. असं का होतं? 'नवीन काही सुचत नाही म्हणून', असं आपण पटकन म्हणून टाकतो. हे उत्तर अगदीच खोटं नाही. पण त्यातून फार थोडं कळतं. म्हणून आधी एक उदाहरण नीट बघू या.

१९९९ साली कोलंबियात फर्नांदो गायतान या लेखकाची 'यो सोय बेट्टी, ला फेआ' ही मालिका सुरू झाली. बेट्टी हुशार आहे, अर्थशास्त्र शिकलेली आहे. पण ती दिसायला चारचौघींसारखी नाही, म्हणून एका फॅशन कंपनीत तिला नुसती सेक्रेटरीची नोकरी मिळते. २००३ मध्ये सोनी वाहिनीवर हीच मुलगी 'जस्सी जैसी कोई नहीं' मध्ये आपल्याला भेटली. २००५ मध्ये ती जर्मनीत गेली, २००६ मध्ये मेक्सिकोत आणि अमेरिकेत. अमेरिकेत तिचं नाव झालं 'अग्ली बेट्टी'.

आता पहिला प्रश्न. मूळ मालिकाच डब करून का दाखवली नाही? ते तर कितीतरी स्वस्त पडलं असतं. काही देशांत ती तशी दाखवलीही गेली. पण परक्या घरातलं जेवण, नातीगोती, ऑफिसातली रीत, विनोद हे सगळं डबिंगने आपलं होत नाही. प्रसारमाध्यमांचे अभ्यासक सांगतात की कार्यक्रम सीमा ओलांडतो तेव्हा त्याची थोडी किंमत वाटेतच गळते. विनोदाची तर फारच गळते. म्हणून रोज संध्याकाळी सगळं घर ज्या वेळेला टीव्हीसमोर बसतं, त्या मोक्याच्या वेळेला वाहिन्यांना शक्यतो आपल्या माणसांची मालिका हवी असते. जाहिरातीचा मोठा पैसाही तिथेच असतो.

दुसरा प्रश्न असा की, मग कल्पना सरळ उचलायची, पैसे कशाला द्यायचे? गंमत म्हणजे या बाबतीत कायदा फारसा कडक नाही. ह्युई ग्रीन हे ब्रिटनमधले प्रसिद्ध सूत्रसंचालक. आपल्या गुणदर्शनाच्या कार्यक्रमासारखाच कार्यक्रम न्यूझीलंडमध्ये केला म्हणून त्यांनी तिथल्या प्रसारण संस्थेवर दावा लावला. १९८९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फेटाळला. कार्यक्रमाचं नाव, ठरावीक वाक्यं आणि ढोबळ साचा एवढ्यावर कॉपीराइट मिळत नाही, असा त्या निकालाचा अर्थ.

तरीही वाहिन्या पैसे मोजतात, कारण त्या नुसती कल्पना विकत घेत नाहीत. सोबत एक जाडजूड पुस्तिका येते. धंद्यात तिला 'बायबल'च म्हणतात. सेट कसा हवा, प्रकाश कधी मंद करायचा, संगीत कुठे वाजवायचं, स्पर्धक कसे निवडायचे, कुठल्या देशात काय फसलं, सगळं त्यात असतं. १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' २००० साली 'कौन बनेगा करोडपती' होऊन आला, तेव्हा तो अंधार, ती खुर्ची, छातीत धडधड वाढवणारं ते संगीत बरोबर आलं. २०१३ मध्ये 'कोण होईल मराठी करोडपती'मध्ये सचिन खेडेकरांसमोर स्पर्धक बसला, तेव्हाही साचा तोच होता.

म्हणजे विकत काय घेतलं? आमच्या मते, विकत घेतली ती खात्री. नवी मालिका चालेल की नाही हे कुणालाच आधी सांगता येत नाही. बऱ्याच मालिका गाशा गुंडाळतात आणि खर्च बुडतो. अशा वेळी वाहिनीतल्या अधिकाऱ्याला वरिष्ठांसमोर आणि जाहिरातदारांसमोर सांगता येतं, 'बघा, हे तिकडे चाललंय.' उद्या मालिका पडली, तरी निर्णय वेडेपणाचा ठरत नाही. मूळ लेखनावर पैसे लावून आपटलेल्या माणसाला ही ढाल नसते.

पण ही खात्री अर्धवटच असते, हे लक्षात घ्या. ब्रिटनमधली 'कपलिंग' ही विनोदी मालिका २००३ मध्ये अमेरिकेत एनबीसीने केली. संहिता जवळजवळ तशाच उचलल्या. चार भाग दाखवून ती बंद करावी लागली. त्याच वाहिनीने २००५ मध्ये 'द ऑफिस' केली. तिचाही पहिला भाग ब्रिटिश संहितेची जवळपास नक्कलच होता. पण दुसऱ्या भागापासून लेखकांनी स्वतःचं लिहायला घेतलं, आणि पुढे त्या खडूस साहेबाला थोडं मऊ, थोडं केविलवाणं केलं. ब्रिटनमध्ये १२ भाग आणि एक नाताळ विशेष एवढ्यावर संपलेली ती गोष्ट अमेरिकेत २०१ भाग चालली.

जस्सीचंही तेच. त्या वेळी आपल्याकडे हिंदी मालिकांत सासू-सुनांचं राज्य होतं. जस्सी मात्र रोज सकाळी ऑफिसला निघणारी मध्यमवर्गीय मुलगी होती. सांगाडा कोलंबियाचा, पण तिचं घर आणि घरच्यांची काळजी इथली होती. अमेरिकेतल्या बेट्टीचे वडील कागदपत्रांशिवाय तिथे राहणारे मेक्सिकन होते, म्हणून तिच्या गोष्टीत स्थलांतरितांची भीती आली. विकत आणलेल्या सांगाड्यात असं इथलं मांस कुणीतरी भरावं लागतं. ते काम स्थानिक लेखकच करतो.

आता आपल्या घराजवळ येऊ. ही देवाणघेवाण फक्त देशादेशांत चालत नाही, भाषाभाषांतही चालते. २०१९ मध्ये बंगालीत 'श्रीमयी' सुरू झाली. त्याच वर्षाच्या शेवटी तिच्यावरून मराठीत 'आई कुठे काय करते!' आली आणि २०२० मध्ये हिंदीत 'अनुपमा'. अरुंधती मराठी घरात इतकी रुजली की ती मूळची बंगाली, हे अनेकांच्या गावीही नव्हतं. रिमेक म्हणजे हलकं काम असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं.

मग तक्रार कशाची? तक्रार प्रमाणाची आहे. बेट्टी बोगोटात लिहिली जात होती, तेव्हा ती दुसरीकडे चालल्याचा कुठलाही पुरावा नव्हता. कुणीतरी एका लेखकाच्या कागदावर विश्वास टाकला, म्हणून ती झाली. पुढचे सगळे रिमेक त्या पहिल्या जोखमीवर जगले. प्रत्येक वाहिनीने 'आधी दुसरीकडे चालू दे, मग बघू' असंच ठरवलं, तर ती पहिली गोष्ट येणार कुठून? आणि ज्या भाषेतल्या वाहिन्या फक्त घेतात, त्या भाषेतल्या नव्या लेखकाच्या वाट्याला कायम दुसऱ्याचा सांगाडाच येतो. इथलं मांस भरण्यात तो तरबेज होतो, पण स्वतःचा सांगाडा उभा करायची संधी त्याला मिळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादी मालिका मनापासून आवडली, तर शेवटची नामावली थांबून वाचा. मूळ कथा कुणाची, तो कुठल्या भाषेत लिहितो, हे बघा. आवड कळवताना त्याचंही नाव घ्या. वाहिन्या आकडे मोजतात, आणि ते आकडे शेवटी आपल्या बघण्यातूनच तयार होतात.