जुन्या वेगवान मोटारीचा नवा मालक

जबलपूरच्या दक्षिणेस नर्मदेच्या तीरावर वसलेला ग्वारीघाट संध्याकाळच्या आरतीसाठी, पात्रातील लहानशा मंदिरासाठी आणि पलीकडच्या काठावरील गुरुद्वाऱ्यासाठी सर्वांना परिचित आहे. घरात वाहन आले की ते आधी नर्मदामाईच्या दर्शनास न्यावे, अशी इथल्या अनेक कुटुंबांची, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचीही, भावना असते. बोनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि समोर फोडलेला नारळ एवढ्यावर नव्या वाहनाची दीक्षा पूर्ण होते. मात्र ते वाहन पुण्याहून किंवा नागपुराहून विकत आणलेली, दहा वर्षे वापरलेली वेगवान मोटार असेल, तर खरी दीक्षा मालकाची व्हावयाची असते. अशा मोटारीचे अनेक गुण नव्या मालकास ठाऊक नसतात, आणि तिचे काही दोष तर आधीच्या मालकानेही कधी शोधलेले नसतात.

श्रीमंतांच्या परदेशी मोटारी बाजूस ठेवल्या, तरी मध्यमवर्गाच्या आवाक्यातील वेगवान मोटारींचा भारतातील इतिहास बराचसा महाराष्ट्र आणि गोव्यातच घडला. गोव्यात फायबरग्लासच्या कायेची दोन आसनी सॅन स्टॉर्म बनली. स्कोडाच्या ऑक्टेव्हिया आरएसने २००४ साली टर्बो पेट्रोल इंजिनाची गोडी लावली. चाकणच्या कारखान्यातील फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय २०१३ साली बाजारात आली. ऑक्टोबर २०१५ मध्ये रांजणगावात बनलेली फियाटची अबार्थ पुंटो अवतरली. १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि सुमारे दहा लाख रुपये किंमत असा तिचा थाट होता. तिच्या नाकावरील विंचू हे कार्लो अबार्थ यांच्या वृश्चिक राशीचे चिन्ह. नवीन घेण्यास तेव्हा ज्यांचा हात आखडला, ते आज तीच गाडी जुन्या बाजारात शोधतात. फियाटच्या मोटारी भारतीय बाजारातून गेल्या आणि पोलोची विक्रीही २०२२ साली थांबली. यास्तव यापुढे या गाड्या जुन्याच मिळणार. सुट्या भागांसाठी वाट पाहण्याची तयारी ठेवूनच त्या घ्याव्यात.

पूजेपासूनच आरंभ करावयाचा तर झेंडूचा जाड हार पुढच्या जाळीवर बांधून गाडी शहरभर फिरवू नये. टर्बो इंजिनास थंड हवा पुरविणारी यंत्रणा त्याच जाळीमागे असते. हळद रंगावर डाग धरते, म्हणून स्वस्तिक काचेवर काढणे बरे. नारळ गाडीच्या बाजूस फोडावा. या मोटारी मुळातच ठेंगण्या असतात आणि बंपर महाग असतो. घाटाच्या पाण्यात गाडी धुण्याची हौस तर कोणीच करू नये. तेल-ग्रीजचा तवंग नर्मदेत सोडून कोणते पुण्य पदरी पडते, हे ज्याचे त्यानेच ठरवावे.

अशा मोटारीच्या अंगी दडलेल्या सोयी थोड्या नाहीत. पेट्रोलच्या काट्याजवळील चित्राशेजारी लहानसा बाण असतो. टाकीचे झाकण कोणत्या अंगास आहे, हे तो दाखवितो. बऱ्याच युरोपीय मोटारींत दार उघडण्याचे बटण दाबून धरल्यास सर्व काचा एकदम खाली येतात. मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत बसण्यापूर्वी याचा उपयोग कळतो. दूरनियंत्रक किल्लीच्या पोटात धातूची साधी किल्ली दडलेली असते आणि बॅटरी संपली तरी दार तिने उघडते. रुंद मिश्रधातूच्या चाकांना पुष्कळदा चोरीपासून संरक्षण देणारा एक वेगळा नट असतो, जो खास अडकणीवाचून सुटत नाही. ही अडकण हातमोजांच्या कप्प्यात किंवा डिकीतील हत्यारांत आहे काय, हे ताबा घेतानाच पाहावे. ती नसेल तर पंक्चर झालेले चाक लखनादौनच्या रस्त्यावर रात्री काढता येणार नाही, आणि जवळचे स्टेपनीचे चाक निरुपयोगी ठरेल.

काही खुणा मात्र सोयीच्या नसून साक्षीच्या असतात. टायरच्या कडेवर कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढील दोन वर्ष सांगतात. ‘३२१७’ म्हणजे २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी उत्तम दिसली तरी असा टायर वेगासाठी म्हातारा झालेला असतो. सीटबेल्टच्या मुळाशी शिवलेल्या चिठ्ठीवर आणि प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातही निर्मितीचा काळ नोंदलेला असतो. गाडी २०१६ची आणि एकच काच २०१९ची असेल, तर त्या काचेचे काय झाले होते, असे विक्रेत्यास सरळ विचारावे. स्टीअरिंगखाली निदानयंत्र जोडण्याचा सोळा पिनांचा खाचा असतो. तेथून दोषांची नोंद वाचता येते, तशीच ती पुसताही येते. परंतु नोंद पुसली की इंजिनाच्या स्वयंचाचण्याही शून्यावर येतात आणि पुन्हा पूर्ण होण्यास काही दिवसांचे चालविणे लागते. म्हणून यंत्रावर ‘दोष नाही’ असे दिसले तरी चाचण्या अपूर्ण असल्यास नोंद नुकतीच पुसली असण्याची शक्यता धरावी. निष्णात तंत्रज्ञ हे पाच मिनिटांत सांगतो, आणि त्याचे शुल्क गाडीच्या किमतीपुढे नगण्य असते.

खरेदीदाराचे सर्वाधिक पैसे मात्र यंत्रात बुडत नाहीत, ते कागदांत बुडतात. पुण्याची गाडी जबलपुरात आली की ‘एमएच १२’ची ‘एमपी २०’ होईपर्यंतचा प्रवास महामार्गाच्या प्रवासाहून लांब असतो. मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र नमुना २८ वर मिळते. विक्रेत्याने मालकी बदलाची सूचना नमुना २९ वर द्यावयाची आणि खरेदीदाराने नमुना ३० भरावयाचा असतो. परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनास तेथील नवा क्रमांक घेणे १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार आवश्यक आहे, आणि त्याकरिता नमुना २७ आहे. नव्या राज्याचा कर भरावा लागतो. जुन्या राज्यात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो, परंतु त्यासाठी नव्या नोंदणीचा पुरावा दाखवावा लागतो. ही रक्कम सौद्याच्या वेळीच हिशेबात धरावी. पुष्कळ जण ती नंतर ऐकून चकित होतात.

गाडी आधी कर्जावर घेतलेली असेल तर नोंदणी पुस्तिकेवर बँकेच्या तारणाची नोंद असते. कर्ज फिटले म्हणून ती आपोआप नाहीशी होत नाही. बँकेचे कर्जमुक्तीचे पत्र आणि उभय पक्षांच्या सहीचा नमुना ३५ परिवहन कार्यालयात दिल्यावरच ती निघते. ‘कर्ज केव्हाच फिटले, कागद मागाहून देतो’ या वाक्यावर विसंबून पूर्ण रक्कम देणारे अखेर गाडी दारात आणि मालकी दुसऱ्याच्या नावावर, अशा अवस्थेत अडकतात. नोंदणीतील तारण, थकलेली ई-चलाने आणि विम्याची मुदत हे सर्व परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येते. चॅसी क्रमांक पत्र्यावर कोरलेला असतो. तो पुस्तिकेशी अक्षरशः जुळवून पाहावा.

विकणाऱ्यानेही निष्काळजी राहून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात कितीही हात बदलून गेली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीवरील मालकाचीच. विकलेल्या मोटारीचा नवा चालक कोठे किती वेगाने जात आहे, हे पुण्यातील जुन्या मालकास कळावे कसे? नमुना २९ची पोच जवळ ठेवावीच, परंतु नोंदणी नव्या मालकाच्या नावावर झाल्याची खात्री हेच त्याचे खरे चिलखत होय.

विम्याबाबत एक गैरसमज सर्वत्र आढळतो. तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आला, असे कायदा मानतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाचे तसे नाही. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत कंपनीस कळवून पॉलिसी नावावर करून घ्यावी, अन्यथा दावा फेटाळला जाण्याचा धोका असतो. विनादावा सवलत ही व्यक्तीची असते, गाडीची नव्हे. ती विक्रेत्याबरोबर जाते आणि तिचा फरक नव्या मालकास भरावा लागतो. शिवाय वेगवान गाडीच्या पूर्वमालकाने इंजिनाची संगणकप्रणाली बदलून शक्ती वाढविलेली असणे, रुंद टायर किंवा गर्जणारा सायलेन्सर बसविलेला असणे ही नित्याची गोष्ट आहे. कलम ५२ अशा फेरबदलांवर बंधने घालते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल अमान्य ठरविले. विमा कंपनीपासून ते लपविले तर अपघातानंतर वादास तोंड फुटते. गाडी शक्यतो मूळ स्वरूपातलीच घ्यावी.

आता यंत्र. टर्बो इंजिन सुरू होताच पेडल दाबू नये, तेल गरम होऊ द्यावे. महामार्गावरील लांब दौडीनंतर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावे, म्हणजे टर्बोस निवण्यास अवसर मिळतो. अबार्थच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट केव्हा बदलला, याची पावती मागावी. पावती नसेल तर तो बदललेलाच नाही, असे धरून चालावे, कारण तो तुटल्यास इंजिनाच्या आत मोठी मोडतोड होते. पोलोच्या सात गतींच्या स्वयंचलित पेटीतील दोन कोरड्या क्लचांना गर्दीतील रांगणे सोसत नाही. नर्मदा जयंतीस ग्वारीघाटच्या वाटेवर जशी कोंडी होते तशा कोंडीत इंच-इंच पुढे सरण्याऐवजी थोडे अंतर पडू द्यावे आणि मगच निघावे. चढावर गाडी ब्रेकने धरावी, पेट्रोलच्या पेडलने धरू नये.

इंधनाचाही विचार करणे प्राप्त आहे. देशात २०२५ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल सर्वत्र विकले जाते. दशकापूर्वीच्या या मोटारी त्यासाठी बनविलेल्या नाहीत. इंधनाच्या रबरी नळ्या व सील तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर अर्धवट भरलेल्या टाकीत ते पेट्रोल ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते.

पावसाळ्यात नर्मदा चढली आणि रस्त्यावर पाणी आले, तर ठेंगण्या मोटारीने धाडस करू नये. हवा आत घेणारी वाट खाली असल्यास पाणी थेट इंजिनात जाते. गाडी पाण्यात बंद पडली की किल्ली पुन्हा फिरविण्याचा मोह टाळावा. त्या एका प्रयत्नात इंजिन मोडू शकते आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. अशा वेळी बंपरवरील लहानसे चौकोनी झाकण उघडावे. आत आटे असलेले भोक दिसते आणि त्यात फिरवून बसविण्याची ओढकडी डिकीतील हत्यारांत ठेवलेली असते. दोर तिलाच बांधावा, चाकाजवळच्या दांड्यांना नव्हे. स्वयंचलित पेटीची गाडी असेल तर दोराने ओढत नेण्यापेक्षा सपाट पाठीचा ट्रक बोलवावा.