पाठीला सिलिंडर, मग भीती कसली?

सप्टेंबर 2022 मध्ये माजलगाव धरणात बुडालेल्या एका डॉक्टरांच्या शोधासाठी कोल्हापूरहून आपत्ती पथक आले. पाण्यात उतरलेला त्यांचा एक जवान जिवंत परतला नाही. तो मासेमारीच्या जाळ्यात अडकल्याच्या बातम्या होत्या. सिलिंडर असताना माणूस बुडतो कसा, हे अनेकांना उमगत नाही.

मुळात सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो हाच गैरसमज. बहुधा ती साधी, दाबून भरलेली हवा असते. शुद्ध ऑक्सिजनने सहा मीटरखाली झटके येऊ शकतात. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो, त्यामुळे 30 मीटरवर चौपट हवा खर्च होते. घाबरून धापा टाकल्या की त्याहून जास्त.

'अडचण आली की झटकन वर यावे' हा समज सर्वांत घातक. श्वास रोखून वर येताना फुप्फुस फाटू शकते, अगदी दोन मीटरवरूनही. शिवाय रक्तात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. मात्र हवाच संपली तर थांबा सोडून, श्वास सोडत वर यावे. बुडबुड्यांच्या आजारावर ऑक्सिजन आणि दाबकक्षाचा उपचार आहे, बुडून मेलेल्यावर नाही. चुकलेला थांबा भरून काढायला पुन्हा खाली जाणे तर वेडेपणाच.

बुडालेल्या जहाजावर प्रवाह असला की हिशेब आणखी बिघडतो. एक नॉटचा प्रवाहही तीन मिनिटांत नव्वद मीटर वाहून नेतो. वर यायचा दोर हातातून सुटला तर प्रवाहाशी झुंजू नये. खुणेचा फुगा वर सोडून वाहतच थांबा पुरा करावा, बोटीने फुग्यामागे यावे. 2021 च्या तौक्ते वादळात मुंबईजवळ पी-305 बार्ज बुडाला, तेव्हा नौदलाने आधी सोनारने जागा शोधली, मग पाणबुडे उतरवले.

धरणाचे पाणी संथ, असेही म्हणतात. दरवाजा किंवा कालव्याचे तोंड उघडे असेल तर तिथली ओढ वरून दिसत नाही, आणि तीत सापडलेला सुटत नाही. त्यात माजलगावचे पाणी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून उंच. तीनशेच्या वर समुद्रासाठीचे डुबकीचे तक्ते जसेच्या तसे वापरता येत नाहीत.

दरवाजे बंद, जाळी कापायला सुरा, काठावर दुसरा सज्ज पाणबुड्या: एवढे होईपर्यंत शोधपथकाला 'उतरा, उतरा' म्हणून घाई करू नका.