पक्षीगणना चैत्रातही हवी

नाशिक जिल्ह्यात पक्षीनिरीक्षण म्हटले की जानेवारी आणि नांदूरमध्यमेश्वर हेच समीकरण ठरलेले. गोदावरी-कादवा संगमावरचे ते पाणथळ २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले, आणि पाणपक्ष्यांची आशियाई गणनाही जानेवारीतच होते. देवळा तालुक्यात मात्र पाणी म्हणजे गिरणेचे पात्र आणि विखुरलेले पाझर तलाव. अशा ठिकाणी फाल्गुन-चैत्रातल्या नोंदी थंडीतल्या नोंदींहून जास्त सांगून जातात.

पिवळा धोबीच पाहा. थंडीत यातले बरेच पक्षी मळकट दिसतात आणि उपजात ओळखणे अवघड जाते. मार्चच्या सुमारास नरांना विणीच्या हंगामाचा रंग चढतो. काळ्या डोक्याचा नर बाल्कनपासून मध्य आशियापर्यंत वीण करणाऱ्या उपजातीचा. गडद राखी डोक्याचा, भुवई नसलेला नर स्कँडिनेव्हिया ते सायबेरियाच्या पट्ट्यातला. ओल्या रानात शेपटी हलवत फिरणारा पक्षी कुठे निघाला आहे, याचा अंदाज परतीपूर्वीच्या या थोड्या आठवड्यांतच बांधता येतो. झाडीतही तेच. निष्पर्ण पळस फुललेला असतो आणि भोरड्या मध्य आशियाकडे परतण्यापूर्वी त्यावर उतरतात. मधासाठी चोच खुपसली की पराग कपाळाला, गळ्याला चिकटतात आणि पुढच्या झाडावर पोहोचतात. पाहुणा पक्षी इथल्या झाडाच्या बीजधारणेला हातभार लावतो, हे हिवाळी गणतीत दिसत नाही.

उन्हाळ्यात तळी आटतात, मग बघायचे काय, असा आक्षेप येईल. पण पाणी ओसरल्यावरच गाळ उघडा पडतो आणि तुतवार, शेकाट्या यांना खाद्य सापडते. याच दिवसांत टिटवी उघड्या खडीवर बहुधा चार अंडी घालते आणि पोटाची पिसे भिजवून आणून ती थंड ठेवते. इथे वीण कोणाची होते, हे जानेवारीत कळणार नाही. दुसरा आक्षेप असा की एका तालुक्यातल्या हौशी नोंदींना वजन ते किती? सुट्या नोंदीला फारसे नाहीच. मात्र दरवर्षी त्याच तळ्यावर, त्याच पंधरवड्यात केलेल्या आणि पक्षी न दिसल्याचेही लिहिलेल्या नोंदींतून परतीच्या तारखा सरकल्या का, हे तपासता येते.

तेव्हा पाडव्यापासून आठवड्यातून एक सकाळ जवळच्या पाझर तलावाला द्या. तारीख, ठिकाण आणि संख्या लिहून ‘ईबर्ड’वर टाका. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर मात्र आल्या पावली मागे फिरा.