लाइट जरा कमी, प्लीज!

झाडांचा फिशटँक घेताय? मग सगळ्यात लखलखीत लाइटच्या मोहात पडू नका.

कुत्रा पाळायचा तर त्याला फिरवायला वेळ नाही. मांजर आणलं तर घरमालक कटकट करणार. उरतो तो फिशटँक! आणि तोही हल्ली प्लॅस्टिकच्या झाडांचा नाही. खरीखुरी हिरवी झाडं, त्यांच्यामधून फिरणारे टेट्रा आणि वरून पडणारा मऊ उजेड. रात्री नऊला लोकलमधून सुटून घरी आल्यावर टीव्ही न लावता बघत बसावं, अशी चीज.

मग माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांमध्ये हा टँक दोन-तीन महिन्यांत माळ्यावर का जातो? विचारलं की उत्तर ठरलेलं : ‘‘अगं, शेवाळ झालं सगळीकडे!’’ आणि शेवाळाचा माग काढत गेलं, की बहुतेक वेळा आपण येऊन पोचतो लाइटपाशी.

जास्त म्हणजे चांगलं?

क्रॉफर्ड मार्केटमधल्या माशांच्या दुकानात एका शनिवारी मी नुसती ऐकत उभी होते. ‘‘झाडांसाठी कोणता लाइट?’’ असं कोणी विचारलं, की दुकानदार सगळ्यात चकाचक लाइट काढायचा. लॉजिक बरोबर वाटतं. झाडांना उजेड लागतो, मग जास्त उजेडात ती जास्त वाढणार!

पण झाडांना कार्बन डायऑक्साइडही लागतो. हा वायू पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. ‘हाय-टेक’ टँकवाले सिलिंडर लावून तो पाण्यात सोडतात, लिटरमागे साधारण 20 ते 30 मिलिग्रॅम. जपानच्या ताकाशी अमानो (1954-2015) यांनी जगाला वेड लावलं ते या जातीच्या टँकनी. आपल्या ‘लो-टेक’ टँकमध्ये सिलिंडर नाही, त्यामुळे हा वायू त्या मानाने अगदीच थोडा. आच मोठी केली म्हणून मूठभर तांदळाचा टोपभर भात होत नाही, आहे तोही करपतो. तसंच इथे. झाडं अडून बसतात आणि उरलेल्या उजेडावर शेवाळाची चंगळ होते.

वॅट विसरा, ल्युमेन बघा

‘गॅलनमागे इतके वॅट’ हा हिशोब ट्यूबलाइटच्या जमान्यातला. एलईडी तेवढ्याच वॅटमध्ये कितीतरी जास्त उजेड देतो. म्हणून बॉक्सवर ल्युमेनचा आकडा शोधा. लो-टेकसाठी लिटरला 15 ते 20 ल्युमेन ही चांगली सुरुवात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर साधारण 45 लिटर पाणी मावतं. म्हणजे 700 ते 900 ल्युमेन. गंमत म्हणजे घरातला 9 वॅटचा एलईडी बल्बही जवळपास एवढाच उजेड देतो!

टँक उंच असेल तर तळापर्यंत उजेड कमी पोचतो, तेव्हा थोडा जास्त घ्या. लाइट भारी पडला, तर तो थोडा वर उचला. रंगासाठी 6500 केल्विन, म्हणजे दुकानातला ‘कूल डेलाइट’. निळ्या-जांभळ्या लाइटमध्ये मासे झगमगतात खरे, पण झाडं काळपट दिसतात. आणि हो, प्लगकडे जाणाऱ्या वायरला खाली झोल द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जाणार नाही.

घड्याळाचा फंडा

ठाण्याची माझी एक मैत्रीण सकाळी आठला घर सोडते. तिच्या टँकचा लाइट उठल्यापासून झोपेपर्यंत चालू असायचा, जवळजवळ सोळा तास. पाणी हिरवं, काचा हिरव्या. टँक कोणाला तरी देऊन टाकायच्या बेतात होती. शेवटी तिने नवा लाइट नाही, टायमर घेतला. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी सहा ते दहा. दोन महिन्यांत पाणी नितळ झालं आणि खडीतून नवी पानं वर आली. आता सकाळचा चहाही टँकसमोर!

मधल्या सुट्टीचा हा प्रकार अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड यांनी लोकप्रिय केला. लो-टेक टँकवरचं त्यांचं पुस्तक 1999 साली आलं. लाइट बंद असतो तेव्हा माशांच्या श्वासातून आणि तळातल्या कुजणाऱ्या कचऱ्यातून कार्बन डायऑक्साइड पुन्हा साठतो. सुट्टी नको असेल तर दुपारी तीन ते रात्री दहा ठेवा. एकूण सहा ते आठ तास पुरे, नव्या टँकला सहाच. त्यानंतर मात्र अंधार हवाच. आपल्या टँकमधल्या माशांना पापण्या नसतात, त्यामुळे त्यांची रात्र आपणच करायची असते.

टायमरसाठी क्रॉफर्ड मार्केटहून चालत लोहार चाळीत जा. इलेक्ट्रिकच्या सामानाचा तो बाजारच आहे.

कमी उजेडातले दोस्त

जावा फर्न, ॲन्युबियस, व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरीन. यातल्या क्रिप्टोकोरीनचे भाऊबंद आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांच्या पात्रातही वाढतात. नव्या टँकमध्ये तिची पानं विरघळली, तर उपटून टाकू नका. मूळ शाबूत असलं की ती पुन्हा फुटते. लालभडक झाडं आणि हिरवळीचा गालिचा मात्र हाय-टेकवाल्यांना लखलाभ!

पानांवर शेवाळाचा थर दिसला, तर एक तास कमी करा. झाडं काठीसारखी लांबुळकी होऊन खालची पानं गळू लागली, तर एक तास वाढवा. आणि मग दोन आठवडे काहीही करू नका. आपल्या डेडलाइनवाल्या आयुष्यात हेच सगळ्यात कठीण. ॲन्युबियस महिन्याला जेमतेम एखाद-दोन पानं काढतं, त्याला कितीही घाई केली तरी.

तेव्हा या वीकेण्डला दुकानदाराने सगळ्यात लखलखीत लाइट काउंटरवर ठेवला, की गोड हसून म्हणा, ‘‘भैया, याच्यापेक्षा छोटा दाखवा.’’