बिनतारी कार्डाची कैफियत
मुक्त प्रणालीशी परिचय : लेखांक सातवा

मागील लेखांकात जुन्या लॅपटॉपवर डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली बसविण्याचे काम आपण पुरे केले. पडदा उजळला, मराठी अक्षरे उमटली, कळफलकही अनुकूल झाला. परंतु ज्यांच्या यंत्रातील बिनतारी जाळ्याचे कार्ड जुन्या घडणीचे आहे, अशा वाचकांना पडद्याच्या कोपऱ्यात वायफायचे चिन्ह दिसलेच नसेल, आणि शेजारच्या खोलीत राउटर चालू असूनही आपला संगणक जगापासून तुटलेला आहे हे पाहून ‘मुक्त प्रणालीत वायफाय चालत नाही’ असा निकाल त्यांपैकी काहींनी मनाशी देऊनही टाकला असेल. हा निकाल चौकशीविना दिलेला आहे. वायफाय न चालण्याची कारणे मोजकी असतात, ती एकामागून एक तपासता येतात, आणि या प्रणालीचा मोठा गुण असा की, तिचे दप्तर वापरणाऱ्याला सदैव खुले असते. ते उघडून वाचण्याची सवय तेवढी आपल्याला लावून घ्यावी लागते. आजचा लेखांक त्या वाचनाचा आहे.

आपल्या नवेगाव बांधासारख्या गावी हा विषय चैनीचा नाही. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली आणि पुढे तीच योजना भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. पण तार पंचायतीच्या कचेरीपर्यंत आली, तरी तेथून विद्यार्थ्याच्या टेबलापर्यंतचा शेवटचा टप्पा बहुधा हवेतूनच पार करावा लागतो. आयआयटी मुंबईतील तत्कालीन प्राध्यापक अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील खेड्यांत याच प्रश्नाचा माग घेतला, आणि २०१७ साली मोझिला संस्थेच्या स्पर्धेत त्याला पहिला पुरस्कार मिळाला. त्या प्रकल्पात गावागावांमधले अंतर तोडण्यासाठी दूरचित्रवाणीच्या लहरपट्ट्याचा उपयोग केला गेला, कारण त्या लांब लहरी झाडीतून अधिक सुखाने जातात. मात्र गावात पोहोचल्यावर माणसाच्या हातातील यंत्राशी शेवटचा संवाद करावयाचा तो वायफायनेच. एवढा सारा खटाटोप करून दाराशी आणलेली गोष्ट यंत्रातील बोटभर कार्ड मुके राहिल्यामुळे दाराबाहेरच थांबावी, ही हानी लहान नव्हे.

तपासाची पद्धत या गावाला नवी सांगावी लागत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेल्या येथील तलावाचे पाणी धानाच्या बांधीत पोहोचले नाही, तर जाणता शेतकरी तलाव आटला असे म्हणून घरी बसत नाही. तो बांधीपासून पाटाच्या काठाने वर चालत जातो, पाट कोठे फुटला की कोठे गाळाने बुजला ते पाहतो, आणि शेवटी पाळीखालच्या तुडुमापाशी, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारापाशी, येऊन ते उघडे आहे की नाही याची खात्री करून घेतो. बिनतारी कार्डाचा मार्गही असाच टप्प्याटप्प्याचा आहे, आणि कोणत्या टप्प्यावर प्रवाह अडला हे कळल्यावाचून केलेला प्रत्येक उपाय व्यर्थ जातो.

हे टप्पे प्रथम ध्यानात घेऊ. पहिला टप्पा म्हणजे प्रत्यक्ष कार्ड आणि त्यावरील चिप. दुसरा टप्पा म्हणजे ड्रायव्हर, अर्थात प्रणालीच्या गाभ्यातील, ज्याला कर्नल म्हणतात त्यातील, तो भाग की ज्याला त्या विशिष्ट चिपशी बोलता येते. तिसरा टप्पा फर्मवेअरचा : पुष्कळ चिपांवर स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो, आणि संगणक सुरू होताना त्याला त्याचा कार्यक्रम बाहेरून भरवावा लागतो, ती फाइल मिळाली नाही, तर ड्रायव्हर हजर असूनही चिप निश्चल राहते. चौथा टप्पा परवानगीचा, म्हणजे कार्डाची कळ बंद आहे काय, आणि कोणत्या देशाचे नियम लागू आहेत याचा. शेवटचा टप्पा परवलीचा शब्द देऊन जाळ्यात रुजू होण्याचा. हे काम नेटवर्कमॅनेजर नावाची व्यवस्था आपल्या वतीने करते, आणि आधीचे चार टप्पे निर्वेध असतील तर तेथे क्वचितच अडचण येते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. टर्मिनल उघडावे आणि रोमन लिपीतील लहान अक्षरांत ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा लिहून, एक जागा सोडून, आडवी रेघ आणि तिला जोडून ‘एनएनके’ ही तीन अक्षरे टंकित करावीत. यंत्रातील सर्व जोडकार्डांची यादी समोर येईल; त्यातील ‘नेटवर्क कंट्रोलर’ या शब्दांनी सुरू होणारा मजकूर आपल्या कामाचा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या अनेक लॅपटॉपांत तो साधारण असा आढळतो : ‘नेटवर्क कंट्रोलर, ब्रॉडकॉम, बीसीएम४३१२, ८०२.११बी/जी, एलपी-फाय, [१४ई४:४३१५]’. चौकटी कंसातील शेवटचा अंक हा या सबंध तपासाचा कणा आहे. त्यातील पहिला अर्धा भाग उत्पादकाचा : १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, ८०८६ म्हणजे इंटेल, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक, दुसरा अर्धा भाग त्या उत्पादकाच्या नेमक्या चिपचा. लॅपटॉपच्या झाकणावरील नावाला येथे काडीचे महत्त्व नाही, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपांत निरनिराळी कार्डे घातलेली असतात. हा अंक मात्र दिशाभूल करीत नाही. कार्ड बाहेरून यूएसबीत खोचलेले असेल, तर ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा तशाच जोडीतील अंक दाखविते.

त्याच यादीत खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी एक ओळ असते. ती मुळीच नसेल तर अडचण दुसऱ्या टप्प्यावर आहे, म्हणजे प्रणालीला त्या चिपची भाषा येत नाही. आपल्या उदाहरणात मात्र तेथे ‘बी४३-पीसीआय-ब्रिज’ असे लिहिलेले दिसेल. म्हणजे ड्रायव्हर आपल्या जागी रुजू झाला आहे. मग प्रवाह अडला कोठे? यासाठी प्रशासकीय अधिकाराने, म्हणजे आधी ‘सुडो’ लिहून, ‘डीमेसेज’ ही आज्ञा ‘डी, एम, ई, एस, जी’ या पाच अक्षरांत द्यावी. संगणक सुरू झाल्यापासून कर्नलने काय काय केले, याची ही रोजनिशी असते. तीत ‘बी४३’ हा शब्द शोधावा, ‘बी४३/यूकोड१५.एफडब्ल्यू’ ही फर्मवेअरची फाइल सापडत नाही, अशी तक्रार तेथे स्पष्ट शब्दांत नोंदलेली आढळेल. यंत्राने आपली कैफियत अशी नाव घेऊन मांडली आहे; कार्ड बिघडलेले नाही, प्रणालीही सदोष नाही, एक फाइल गैरहजर आहे एवढेच.

ती गैरहजर का, हे समजून घेणे अगत्याचे आहे, कारण मुक्त प्रणालीतील बिनतारी कार्डांचा सारा इतिहास या एका ‘का’मध्ये साठलेला आहे. या चिपांचा तपशील ब्रॉडकॉमने लिनक्सच्या कार्यकर्त्यांना दिला नव्हता. तेव्हा काही जणांनी कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर उलगडून त्यावरून चिपच्या वर्तनाचे वर्णन लिहून काढले, आणि दुसऱ्या काहींनी केवळ ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर स्वतंत्रपणे लिहिला. नकलेचा आरोप येऊ नये म्हणून ही दोन कामे हेतुपुरस्सर वेगवेगळ्या हातांत ठेवली होती. तो ड्रायव्हर २००६ साली कर्नलमध्ये दाखल झाला आणि २००८ च्या आरंभी ‘बी४३’ या रूपात स्थिरावला. ड्रायव्हर अशा रीतीने मुक्त झाला. परंतु चिपला भरवावयाचा फर्मवेअर कंपनीच्या मालकीचाच राहिला, आणि तो इतरांनी वाटावा अशी सनद कंपनीने दिली नाही. इंटेलने आपला फर्मवेअर बंदिस्त ठेवला खरा, पण तो वाटण्याची मुभा दिली. म्हणून इंटेलची कार्डे बहुधा पहिल्याच दिवशी चालतात, आणि डेबियनने ऑक्टोबर २०२२ मधील मतदानानंतर असे वाटपयोग्य फर्मवेअर आपल्या स्थापनाचकतीत घेतल्यापासून, म्हणजे जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून, त्यांच्याविषयी वाचकाला बहुतेक काही करावे लागत नाही. बी४३ चा फर्मवेअर मात्र त्या चकतीतही येऊ शकत नाही. अडथळा तांत्रिक दिसतो, पण त्याचे मूळ एका न मिळालेल्या परवान्यात आहे.

उपाय सोपा आहे, परंतु त्यात एक पेच आहे. डेबियनच्या ‘कॉन्ट्रिब’ विभागात ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ नावाचे पॅकेज असते; ते मूळ ड्रायव्हर जाळ्यावरून उतरवून घेते, त्यातून फर्मवेअर कातरून काढते आणि योग्य जागी ठेवते. म्हणजे जाळे मिळविण्यासाठी आधी जाळे हवे. या पेचातून सुटण्याचा मार्ग आज प्रत्येकाच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या, पण माहितीही वाहून नेणाऱ्या, केबलने लॅपटॉपला जोडावा, फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे, आणि काही क्षण थांबावे. या जोडणीला वेगळ्या फर्मवेअरची गरज नसते, म्हणून संगणक फोनच्या डेटावर तत्काळ बाहेर पडतो. मग ‘कॉन्ट्रिब’ विभाग चालू करून, यादी ताजी करून, ते पॅकेज बसवावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. वायफायचे चिन्ह आता दिसेल. कंपनीचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’ नावाचा बंदिस्त ड्रायव्हरही उपलब्ध आहे. परंतु तो आणि बी४३ एकाच वेळी नांदू शकत नाहीत, हे विसरून दोन्ही बसविणाऱ्यांची फार ओढाताण होते. एक मार्ग धरावा आणि तोच तडीस न्यावा.

फर्मवेअर मिळूनही कार्ड उठले नाही, तर चौथ्या टप्प्याकडे पाहावे. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दोन प्रकारचे बंद दाखविते : ‘सॉफ्ट’ म्हणजे आज्ञेने घातलेला, जो ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ म्हटल्याने उठतो, आणि ‘हार्ड’ म्हणजे लॅपटॉपच्या कडेवरील खऱ्याखुऱ्या कळीने घातलेला, जो बोटाने ती कळ सरकविल्यावाचून कोणत्याही आज्ञेला दाद देत नाही. दुसरी बाब देशाची. भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा, ठरीव शक्तीच्या मर्यादेत, परवान्याच्या अटीतून मुक्त केला, आणि आपल्याकडे त्यातील १ ते १३ या वाहिन्या चालतात. अमेरिकेत मात्र व्यवहारात ११ पर्यंतच्याच वापरल्या जातात. राउटर १३ व्या वाहिनीवर बोलत असेल आणि संगणक स्वतःला अमेरिकेत समजत असेल, तर सर्व काही ठीक असूनही ते एक जाळे यादीत दिसणार नाही. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ या आज्ञेने लागू असलेला देश पाहावा, आणि ‘आयडब्ल्यू रेग सेट’ पुढे मोठ्या अक्षरांत ‘आयएन’ लिहून भारताचे नियम लावावेत.

जुने कार्ड नादुरुस्तच असेल, तर यूएसबीचे छोटे कार्ड विकत घेण्यावाचून गत्यंतर नाही. तेव्हा अर्जुनी मोरगावच्या किंवा गोंदियाच्या दुकानात जाण्यापूर्वी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, की खोक्यावरील नाव म्हणजे चिपचे नाव नव्हे. टीपी-लिंकचे ‘डब्ल्यूएन७२२एन’ हे कार्ड याचा सुप्रसिद्ध दाखला आहे : त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, जिच्या फर्मवेअरचा मूळ मजकूरही २०१३ साली खुला झाला, दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रिअलटेकची निराळी चिप आली, आणि जुन्या शिफारशीवर विसंबून घेणाऱ्यांना निराळाच अनुभव आला. रिअलटेकच्या काही स्वस्त कार्डांत आणखी एक प्रकार असतो. खोचल्याबरोबर ती स्वतःला सीडी म्हणून दाखवितात, ‘०बीडीए:१ए२बी’ हा अंक सांगतात, आणि ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाच्या साधनाने सांगितल्यावरच आपले खरे रूप प्रकट करतात. २०२३ च्या फेब्रुवारीतील ६.२ या कर्नलपासून अशा पुष्कळ चिपांचा ड्रायव्हर गाभ्यातच आला आहे. म्हणून नवे कार्ड घेणाऱ्याने प्रणालीही ताजी ठेवावी.

हे सर्व साधल्यावरही एक मर्यादा उरते, आणि ती कोणत्याही आज्ञेने हटत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते, आणि ओली पाने, जाड मातीच्या भिंती, पत्र्याची छपरे यांपुढे तिचे बळ झपाट्याने खचते. ५ गिगाहर्ट्झची लहर तर याहून आखूड आणि याहून नाजूक. झाडांनी वेढलेल्या आपल्या घरांत पावसाळ्यात संकेत क्षीण झाला, तर कार्डाला दोष देण्याआधी राउटरची जागा बदलून पाहावी. तो जमिनीवरून उचलून उंचावर, दाराच्या समोर ठेवल्याने अनेकदा नव्या खरेदीचा खर्च वाचतो.

या क्रमात मला सर्वाधिक मोलाचे जे वाटते, ते असे की, यातील एकही पायरी कोणा तज्ज्ञाच्या मुखत्यारीत नाही. अपरिचित लोकांनी, बहुधा मोबदल्यावाचून, कंपन्यांनी न दिलेले ज्ञान कष्टाने मिळविले आणि ते लपवून न ठेवता सर्वांच्या हवाली केले, म्हणूनच नागपूरच्या बाजारातून आणलेला जुना लॅपटॉप या गावातील एखाद्या मुलीच्या अभ्यासाला उपयोगी पडू शकतो. अशा ज्ञानाचे ऋण फेडण्याची एकच रीत आहे, ती म्हणजे आपल्याला जे कळले ते पुढच्याला कळेल असे लिहून ठेवणे. म्हणून प्रत्येक वाचकाने आपल्या कार्डाचा अंक, कोणता ड्रायव्हर चालला, कोणता फर्मवेअर लागला आणि वाटेत काय अडले, एवढ्या चार गोष्टी वहीत नोंदवाव्यात, आणि शाळेच्या वा ग्रंथालयाच्या संगणकापाशी ती नोंद लावून ठेवावी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. जाळे मिळाल्याबरोबर ते एकदाच उतरवून घ्यावेत, म्हणजे पुढे जाळे नसतानाही ऐकता येतील.

पुढील लेखांकात याच कार्डाला दुसरी भूमिका देऊ : तारेने किंवा फोनने आलेले जाळे त्याच्यामार्फत अन्य यंत्रांना वाटून देण्याची. तोवर आपल्या कार्डाचा अंक आणि ‘आयडब्ल्यू लिस्ट’ या आज्ञेचे उत्तर वहीत उतरवून ठेवावे. त्या उत्तरातील ‘सपोर्टेड इंटरफेस मोड्स’ या मथळ्याखाली ‘एपी’ ही दोन अक्षरे आहेत की नाहीत, यावरच पुढील आठवड्याचे काम अवलंबून राहील.